गावातल्या सैनिकांचा सन्मान: आधी यादी, मग व्यासपीठ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात साधारण ३५ माजी सैनिक आहेत, ९ जण सध्या सेवेत आहेत, दोघांना वीरगती मिळाली आहे. तरुण मंडळ आणि ग्रामपंचायतीला मिळून सगळ्यांचा सन्मान करायचा आहे, जमलं तर स्मारकही उभारायचं आहे. शाल, श्रीफळ आणि ट्रॉफीचं बजेट तयार आहे. आता कार्यक्रम कसा आखायचा आणि काय चुकवायचं नाही?

बजेट तयार आहे म्हणताय, पण यादीबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. असे कार्यक्रम पैशांअभावी क्वचितच फसतात. कुणाचं तरी नाव राहतं, कुणाचा हुद्दा चुकतो, कुणाची आई मागच्या रांगेत उभी राहते, आणि मग चांगल्या मनाने केलेला सोहळा एखाद्या घराला कायमचा सलतो. म्हणून निम्मं उत्तर यादीवरच खर्च करतो. बाकीचं बरंचसं गावावर, हातात असलेल्या दिवसांवर आणि त्या दोन कुटुंबांच्या इच्छेवर अवलंबून आहे. कुटुंबांची इच्छा सगळ्यात वर.

यादीसाठी किमान ६ आठवडे धरा. तीन वेगळ्या वह्या करा: माजी सैनिक, सेवेत असलेले, आणि आता हयात नसलेले. प्रत्येकाचा सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, रेजिमेंट आणि युनिट, भरती आणि निवृत्तीचं वर्ष, पदकं, हे सगळं कागद पाहून लिहा. तोंडी माहितीवर विसंबू नका. घरचे लोक प्रेमाने "सुभेदार होते" म्हणतात आणि डिस्चार्ज बुकात हवालदार निघतं. (डिस्चार्ज बुक म्हणजे लष्कर सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक.) उलटही होतं: निवृत्तीच्या सुमारास मिळालेला मानद नायब सुभेदार किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा घरच्यांना नीट सांगता येत नाही आणि तो फलकावरून गळतो. डिस्चार्ज बुक नसेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बघा. तोही नसेल तर ट्रंकेतली पदकं काढायला सांगा. बहुतेक पदकांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला क्रमांक, हुद्दा आणि नाव इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं. तिथे हुद्दे आखूड केलेले असतात: जीएनआर म्हणजे गनर (तोफखान्यातला जवान), एसपीआर म्हणजे सॅपर (इंजिनिअर दलातला), एसडब्ल्यूआर म्हणजे सवार (रणगाडा दलातला).

पदकांवरून आणखी एक गोष्ट कळते, माणूस कोणत्या मोहिमेत होता ती. समर सेवा स्टार असेल तर १९६५, पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल तर १९७१ ची पूर्व किंवा पश्चिम आघाडी, ऑपरेशन विजय स्टार असेल तर कारगिल. हे महत्त्वाचं अशासाठी, की गावात विचारताना आपण "एकाहत्तरला होता का, कारगिलला होता का" एवढंच विचारतो. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले, १९८४ पासून सियाचीनवर पाळी काढलेले, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेलेले जवान या प्रश्नाला "नाही" म्हणतात आणि त्यांची सेवा कुणी नोंदवतच नाही. त्यांना सरळ विचारा, "कुठे कुठे होता?" आणि ऐकून घ्यायला तास काढा.

हुद्द्यांच्या बाबतीत सगळ्यांना एका साच्यात घालू नका. पायदळात शिपाई, नाईक, हवालदार असतात. रणगाडा दलात सवार, दफेदार, रिसालदार. वायुसेनेत कार्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर. नौदलात पेटी ऑफिसर. रिसालदाराला माइकवरून सुभेदार म्हटलं तर तो बोलणार नाही, पण त्याला ते लागतं. "निवृत्त" हा शब्द नावानंतर कंसात येतो, हुद्द्याच्या आधी नाही. "सुभेदार अमुक तमुक (निवृत्त)" असं लिहा. सेवेतून माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही, असं लष्करात मानतात.

तिसऱ्या वहीत सर्वात जपून काम करायचं आहे. लढताना वीरगती मिळालेल्यांची नावं गावाला पाठ असतात. पण सेवेत असताना अपघातात, आजारपणात किंवा दुसऱ्या एखाद्या कारणाने गेलेलेही असतात, आणि त्यांच्या घरी दरवर्षी एकच प्रश्न असतो: आमचा मुलगा मोजायचा की नाही? लष्कराच्या नोंदीत बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत किंवा कारवाईत) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणांनी) असे वेगळे प्रकार आहेत आणि घरच्यांना मिळणारे लाभ त्यावर ठरतात. गावाच्या फलकाला ती विभागणी बंधनकारक नाही. मी सुचवीन की फलक एकच ठेवा आणि त्यावर दोन शीर्षकं द्या, "वीरगती" आणि "सेवेत असताना निधन". अक्षरांचा आकार दोन्हीकडे सारखा. खोटं काही लिहायचं नाही आणि कुणाला वगळायचंही नाही. मृत्यूचं कारण फलकावर लिहायची गरज नसते आणि माइकवरून तर ते कधीच वाचू नये.

"शहीद" या शब्दावर तुमच्याकडे वाद होईल, तर आधीच सांगतो. सरकारी आणि लष्करी कागदोपत्री हा शब्द अधिकृत नाही आणि लष्करानेही तो टाळायला सांगितलं आहे. "वीरगती प्राप्त", "देशासाठी सर्वोच्च बलिदान", किंवा आपला मराठी "हुतात्मा" वापरा. मात्र घरच्यांनी स्वतः शहीद म्हटलं तर तिथे त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, राज्य राखीव पोलीस दल यांतले लोक यादीत घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना त्यांना लागू नसतील, पण गावाचा मान लागू आहे.

गाव जुन्या भरतीच्या पट्ट्यातलं असेल, म्हणजे सातारा, रायगड, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर वगैरे, तर चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहान संगमरवरी पाटी शोधा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत अशा पाट्या बसवल्या: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतके मेले. पाटीवर बहुधा नुसता आकडा असतो, नावं नसतात. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीचं नाव आपण ऐकतो, पण अशी पाटी चुन्याच्या थराखाली गेलेली गावं कितीतरी आहेत. नावं शोधायची असतील तर महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्यांची नावं बसऱ्याच्या स्मारकाखाली आणि फ्रान्समध्ये गेलेल्यांची नव्ह शापेलच्या स्मारकाखाली नोंदलेली असतात. इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नसतं, म्हणून आडनावाची चार-पाच रूपं टाकून बघा. पाटी सापडली तर तिला ऑइल पेंट लावू नका. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, आम्ल तर अजिबात नको, संगमरवर खातं ते.

आता तारीख. स्वाभाविक दिवस बरेच आहेत: १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन (फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी निवृत्त झाले), २६ जुलै कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वज दिन, १६ डिसेंबर १९७१ चा विजय दिवस. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी मी टाळायला सांगतो. त्या सकाळी झेंडावंदन, मुलांची भाषणं, बक्षिसं आणि ग्रामसभा यांच्या गर्दीत सत्कार दहा मिनिटांत उरकला जातो. यादी उशिरा पूर्ण होत असेल तर ७ डिसेंबर धरा. त्या दिवशी ध्वज निधीही गोळा करता येतो. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच द्या आणि पावती घ्या. सेवेतल्या मुलांनाही हजर राहता यावं असं वाटत असेल तर गावच्या यात्रेच्या आगेमागे बघा, तेव्हा बरेच जण सुट्टीवर येतात.

वीरपत्नी आणि वीरमातांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. आमंत्रण घरी जाऊन द्या, शक्यतो मंडळातल्या बायकांनी. कार्यक्रमात काय काय होणार ते सगळं सांगा: फोटो लावणार का, बिगुल वाजणार का, नाव कसं घेणार. नंतर विचारा की यायला आवडेल का, आणि "नाही" आलं तर आग्रह नको. त्यांचा मान घरी जाऊन करता येतो. व्यासपीठावरून बोलायला सांगू नका. अंत्ययात्रेचं चित्रीकरण पडद्यावर दाखवण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे, ती पूर्ण टाळा. सोबत भाऊ, बहीण, मैत्रीण कुणीतरी शेजारी बसेल अशी दोन खुर्च्यांची सोय ठेवा.

कुंकू आणि ओटीचा प्रश्न हमखास येतो. वीरमातेची ओटी भरली आणि वीरपत्नीला नुसती शाल दिली, तर सगळ्या गावासमोर तिला तिचं विधवापण दाखवलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांच्या विरोधात ठराव केला, तो वाचून दाखवायला हरकत नाही. सोपा मार्ग असा: सगळ्यांना सारखंच द्या, हार-कुंकू कुणालाच नको. किंवा तिला आधी विचारा आणि ती म्हणेल तसं करा.

दुसरी अडचण अशी, की सासर आणि पत्नी यांच्यात पैशांवरून किंवा पुनर्विवाहावरून अबोला असू शकतो. दोन्हीकडे वेगळं आमंत्रण द्या, स्मृतिचिन्हं दोन करा, खुर्च्या थोड्या लांब ठेवा, नावं वेगळी पुकारा. कोण खरा वारस हे गावाने ठरवायचं नसतं. पुनर्विवाह झालेल्या पत्नीलाही बोलावा आणि परिचयात तिच्या आजच्या संसाराबद्दल काही बोलू नका. दिवंगत सैनिकाची पदकं घरचे लावणार असतील तर ती छातीच्या उजव्या बाजूला लावतात. ज्याने स्वतः मिळवली तो डाव्या बाजूला लावतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी कुणीतरी येऊन ती काढायला लावतो.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा. ३५ जणांना एकेक करून व्यासपीठावर बोलावलं, प्रत्येकी दीड मिनिट धरलं तरी ५२ मिनिटं झाली, आणि त्यातले निम्मे जण गुडघेदुखीने पायऱ्या चढणारे. उलट करा. माजी सैनिक पुढच्या दोन रांगांत हाताच्या खुर्च्यांवर बसलेले असू देत, नाव पुकारलं की पाहुण्याने खाली येऊन त्यांच्यापाशी जावं. हुद्दा, नाव, युनिट आणि सेवेची वर्षं एवढं वाचायला २० सेकंद पुरतात. पूर्ण कार्यक्रम ९० मिनिटांच्या आत बसवा, भाषणं दोन, प्रत्येकी ५ मिनिटं. सावली, पिण्याचं पाणी, जवळचं स्वच्छतागृह, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना घरून आणणारी गाडी: ट्रॉफीच्या पैशातून आधी हे करा. चार किलोची ट्रॉफी ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा त्याचा सेवा क्रमांक, युनिट आणि मोहिमा नीट छापलेली एक साधी फ्रेम द्या. ती भिंतीवर लागते. फटाके वाजवू नका. काही जणांना अचानक झालेला मोठा आवाज आजही सहन होत नाही, आणि ते तुम्हाला तसं सांगणार नाहीत.

मुलांच्या नाचगाण्यांसाठी बाजारातले लष्करी छपाईचे कपडे घेऊ नका. खऱ्या गणवेशासारखा वेश दिशाभूल करण्यासाठी वापरणं हा गुन्हा आहे, आणि तसा हेतू नसला तरी समोर बसलेल्यांना तो खेळ वाटत नाही. माजी सैनिकांनाही गणवेशाचा आग्रह नको. साधे नीट कपडे आणि त्यावर पदकं, एवढं शोभतं.

मानवंदनेचा क्रम असा ठेवा: आधी पुष्पचक्र, मग बिगुलावर लास्ट पोस्ट (दिवंगतांना निरोपाची धून), मग दोन मिनिटं स्तब्धता, मग राउज (स्तब्धता संपल्याची धून). पहिलं पुष्पचक्र घरच्यांच्या हातून किंवा सर्वात ज्येष्ठ माजी सैनिकाकडून वाहावं, पाहुणे त्यांच्यामागून. बिगुलर हवा असेल तर जवळच्या एनसीसी बटालियनला किंवा लष्करी स्टेशनला महिनाभर आधी पत्र द्या. नसेल तर ध्वनिमुद्रण चालतं, पण ते माइकवाल्याच्या फोनवरून लावणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. स्तब्धतेच्या मधोमध रिंगटोन वाजणं ही नेहमीची फजिती आहे. दोन मिनिटं घड्याळ लावून मोजा. अंदाजाने मोजणारा सूत्रसंचालक तीस-चाळीस सेकंदांतच "धन्यवाद" म्हणतो. टाळ्या नाहीत, घोषणा नंतर.

स्मारकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पुतळा नको, नामफलक करा. पुतळ्याला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, चेहरा हुबेहूब येत नाही, आणि दोघांपैकी एकाचाच उभारला की दुसरं घर दुखावतं. नामफलकासाठी ग्रामसभेचा ठराव आणि ग्रामपंचायतीच्या मालकीची जागा लागते. रस्त्याच्या हद्दीत बांधाल तर रुंदीकरणात जाईल. काळा ग्रॅनाइट, अक्षरं कोरून भरलेली, उंची निदान २५ मिलिमीटर, म्हणजे पाच-सहा फुटांवरून वृद्धांनाही वाचता येतात. नुसती रंगवलेली अक्षरं काही पावसाळ्यांत उडतात. कोरण्याआधी मजकुराचा कागद प्रत्येक घरी नेऊन सही घ्या, कारण ग्रॅनाइटवर खोडता येत नाही. नावं तारखेच्या क्रमाने लावा, हुद्द्याच्या नाही. खाली जागा मोकळी सोडा. ती भरावी लागू नये असंच आपल्याला वाटतं, पण जुनी नावं पुढेही सापडतात.

अनावरणाला फलकावर तिरंगा झाकू नका. सोहळ्यात राष्ट्रध्वज मानाने फडकत असावा, पण पुतळा किंवा स्मारक झाकायला तो वापरायचा नाही, असं ध्वज संहितेत स्पष्ट आहे. साधं भगवं किंवा पांढरं कापड चालतं. शोक म्हणून आपल्या मनाने ध्वज अर्ध्यावर उतरवणंही चालत नाही, तो निर्णय सरकारचा असतो. मुलांच्या हातातले छोटे ध्वज कार्यक्रमानंतर मोजून परत घ्या.

सेवेतल्या ९ जणांचं वेगळं आहे. त्यांचे फोटो युनिट, ठिकाण आणि सुट्टीच्या तारखांसह फ्लेक्सवर किंवा व्हॉट्सॲप गटात टाकू नका, यात त्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. नाव आणि "भारतीय सेनेत कार्यरत" एवढं पुरे, तेही त्यांना विचारून. शाळेतल्या मुलांकडून त्यांना पत्रं लिहून घ्या. पत्त्यावर सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय), सोबत घरच्यांकडून मिळालेला ९ ने सुरू होणारा पिनकोड. गावाचं किंवा चौकीचं नाव लिहायचं नसतं, लष्करी टपाल पोचवतं. तिकीट देशांतर्गत दराचंच. मुलांना सांगा, शाळेबद्दल, पावसाबद्दल, यात्रेबद्दल लिहा. "आमच्यासाठी प्राण द्या" छापाची वाक्यं त्यातून काढून टाका. ती पत्रं चौकीत मोठ्याने वाचली जातात.

आणि त्याच दिवशी मंडपाच्या कडेला एक टेबल, एक लॅपटॉप आणि दोन जाणकार मुलं बसवा. वृद्ध पेन्शनधारकांची खरी अडचण बहुधा हयातीच्या दाखल्याची असते. स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत आलेल्यांचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर भरताना वितरण संस्था म्हणून "स्पर्श, पीसीडीए पेन्शन" हा पर्याय निवडावा लागतो. सवयीने बँक निवडली की दाखला निघाल्यासारखा दिसतो पण योग्य ठिकाणी पोचत नाही, आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबते. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. तिथेच पीपीओमधलं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते पाहा. न जुळल्यास आत्ता दुरुस्ती सोपी असते, तो गेल्यावर तिला कुटुंब पेन्शनसाठी खेपा घालाव्या लागतात. राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका घराच्या मालमत्ता करात माफी देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तुमच्या ३५ पैकी किती घरांना ती प्रत्यक्ष लागू झाली आहे, हे ग्रामसेवकाला त्या टेबलाशी बसवून तपासून घ्या. अर्ज राहिले असतील ते तिथेच भरून पोच द्या.